चतुर्दशीचा रविवार

मी सुगंधा, राहणार बेटेगाव. माझं तोंड वाईट आहे, असं माझ्या सासूपासून कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनपर्यंत कुणीही सांगेल, आणि ते खोटं नाही. पण पुष्पलताबद्दल, म्हणजे आमच्या पुष्पीबद्दल, कुणी भलतंसलतं बोललं तरच माझ्या तोंडाचा पट्टा खरा सुटतो. परवा वापीहून आलेल्या एका पोरीनं मला विचारलं, हा तुमचा प्रोग्रामरांचा मेळावा कुठल्या कंपनीनं सुरू केला? मी म्हटलं, बाई, बस इथं. बोईसरात कंपन्यांनी भोंगा सोडून दुसरं काय सुरू केलंय ते मला सांग. मेळावा सुरू केला पुष्पीनं. ऐकायचं असेल तर पहिल्यापासून ऐक.

मी आणि पुष्पी एकाच दिवशी नोकरीला लागलो, चौऱ्याऐंशी साली, तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कापडाच्या कारखान्यात. काम डेटा एन्ट्रीचं. समोर हिरवी अक्षरं, हाताशी चलनांचा गठ्ठा, आणि दिवसभर टकटक. कॉम्प्युटरची खोली थंडगार, आणि आत शिरताना चपला बाहेर काढायच्या, देवळासारख्या. पुष्पी खारवाडीची. खारवाडी म्हणजे खाडीच्या तोंडाशी वसलेलं मच्छीमारांचं गाव, तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूला खाजणातून, खाऱ्या पाण्याच्या दलदलीतून, येणारा रस्ता. तिचा बाप नवशा तांडेल, स्वतःच्या होडीचा कप्तान. आई मंजुळा बोईसरच्या बाजारात सुकी मच्छी विकायची.

पहिल्याच आठवड्यात आमचे साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, की ह्या मुलीला दाराजवळ बसवा, मच्छीचा वास मशीनला लागेल. मी उठून भांडणार होते. पुष्पी शांतपणे म्हणाली, "साहेब, मशीनला नाक नाय." एवढंच बोलली आणि परत टकटक करायला लागली. त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण.

आम्ही बाकीच्या मुली चलनं भरायचो आणि पाच वाजले की चपलांकडे धावायचो. पुष्पीचं तसं नव्हतं. रद्दीत टाकलेले हिरव्या पट्ट्यांचे लांब कागद ती घरी न्यायची. त्यावर कोबोलचे प्रोग्राम छापलेले असत. ती ते रांगेनं वाचायची, पेन्सिलीनं खुणा करायची, नाही कळलं तर परत वाचायची. आईनं एकदा त्यातलेच कागद बोंबील बांधायला घेतले. मी बाजारात मंजुळामावशीकडून बोंबील घेतले तर माझ्या हातात आमच्याच कारखान्याच्या गोदामाचा प्रोग्राम, तोही पुष्पीच्या खुणांसकट! दुसऱ्या दिवशी मी तो तिला परत दिला. तिनं वास घेतला, हसली आणि म्हणाली की ह्याच पानावर मी चार दिवस अडकले होते. अशी ती शिकली. क्लास नाही, गुरू नाही. तीन वर्षांत साहेब स्वतःच तिच्या टेबलाशी येऊन उभे राहायला लागले, रुमालाशिवाय.

पण अडायचं तेव्हा विचारायचं कुणाला? पुस्तकं इंग्रजी, मुंबईत मिळणारी, आणि त्यातली उदाहरणं कुठल्या तरी विमान कंपनीची. आमच्या आजूबाजूला शंभर कारखाने, प्रत्येकात एखाद-दुसरा आमच्यासारखा एकटा जीव पडद्यापुढे डोकं धरून बसलेला. पुष्पीनं फोनवरून, पोस्टकार्डांनी, नाक्यावर चहा पिता पिता एकेकाला गाठलं. ब्याण्णवच्या जानेवारीत एका रविवारी बोईसरच्या एका टायपिंग क्लासात आम्ही चौदा जण जमलो. एक कॉम्प्युटर, चौदा डोकी. तो पहिला मेळावा.

त्याच दिवशी नियम ठरले. प्रमुख पाहुणा नाही, हारतुरे नाहीत, कुठल्या कंपनीचा फलक नाही. दरवर्षी नवा यजमान. यायचं तर एक किलो तांदूळ आणि एक फ्लॉपी घेऊन यायचं. तांदळाची कल्पना जिवल्याची. जिवल्या मासवणकडचा, वारली, एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, आणि रात्रपाळीत एकटा बसून प्रोग्रामिंग शिकलेला. तो म्हणाला, आमच्या पाड्यावर कुणाचं कार्य निघालं की जो तो आपले तांदूळ घेऊन जातो, मग कार्य कुणा एकाचं राहत नाही. पटलं सगळ्यांना. तेव्हापासून मेळाव्याच्या दारात दोन टेबलं असतात. एकावर तांदूळ निवडायचे, दुसऱ्यावर फ्लॉप्या. ह्यात खडे, त्यात व्हायरस. चौदा घरचे तांदूळ एका पातेल्यात पडले की अर्धा भात पिठूळ होतो आणि अर्धा कच्चा राहतो. तो आम्ही दरवर्षी नावं ठेवत ठेवत खातो.

तांदूळ निवडायला जे सूप आणलं होतं, त्याच्या पाठीवर यजमानाचं नाव लिहायची पद्धत पडली. मेळावा संपला की सूप पुढच्या यजमानाच्या हातात द्यायचं. सूप घेतलं की शब्द दिला.

आणि एक नियम खास पुष्पीचा. प्रोग्राम ज्याच्यासाठी लिहिला त्यानं तो स्वतः येऊन, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं चालवायचा. लिहिणाऱ्यानं हात मागे बांधून बाजूला उभं राहायचं, बोलायचं नाही. दवाखान्यासाठी लिहिला तर कंपाउंडरला आणा, शाळेसाठी लिहिला तर हेडमास्तरांना आणा. तो अडला तर चूक त्याची नाही, तुमची. चालला तर आमच्या वहीत नावापुढे "पुरा" असं लिहायचं. नाही तर "अपुरा". भल्याभल्यांचा घाम निघालेला मी पाहिलाय त्या दोन मिनिटांत.

आता गंमत बघा. वहीत आठ वर्षांची नावं आहेत, आणि सगळ्यात जास्त दिवस "अपुरा" राहिलेला प्रोग्राम खुद्द पुष्पीचा.

शहाण्णव साली तिनं भरतीचा प्रोग्राम आणला. आमच्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुष्पीनं तो हिशोब बसवला, वर्षभराच्या तिथ्या भरल्या, तारीख दिली की वेळ हजर. प्रोग्राम लिहिला होता बापासाठी. पण नवशाबाबा आलाच नाही. निरोप आला की दर्यावर जायचंय. पुढच्या वर्षी परत तेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघं-तिघं म्हणाले की लिहून टाका "पुरा", कोण बघतंय. पुष्पीनं स्वतः पेन घेतलं आणि लिहिलं: अपुरा, चालवणारा आला नाही.

नवशाबाबा वाईट माणूस नव्हता हो. उलट गावानं त्याला काय कमी ऐकवलं? पोरगी नोकरीला पाठवलीस, तिशी उलटली तरी घरात ठेवलीस. तो कुणाला उत्तर द्यायचा नाही. पण पोरगी नेमकं काय करते, ते त्यालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचा, "कंपनीत टाइप करते." ते ऐकलं की पुष्पी खाली मान घालायची. एकदा डबा खाताना मला म्हणाली, "सुगंधा, मला बक्षीस नको, बढती नको. माझ्या बापाला एकदा दिसलं पाहिजे मी काय करते ते. त्यानं एकदा चालवून बघितला पाहिजे." चौदा वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती माझ्या हातात नव्हती.

सत्त्याण्णवचा मेळावा संपला आणि पुष्पीनं उठून सूप मागितलं. म्हणाली, पुढचा मेळावा खारवाडीत. बाप येत नाही तर मेळावाच बापाच्या दारात नेणार, असा तिचा बेत. सभेत कुजबुज सुरू झाली. वापीच्या एका मोठ्या कारखान्यातले साहेब होते, नाकानं कांदे सोलणारे. ते म्हणाले की खाऱ्या हवेत मशीन टिकणार नाहीत, शिवाय, म्हणजे, वासाचंही बघायला हवं. मग माझं तोंड सुटलं. मी काय बोलले ते इथं सांगत नाही, पण सूप पुष्पीला मिळालं.

नवशाबाबानं गावाच्या बैठकीत उभं राहून समाजमंदिर मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा गावापुढे काही मागितलं त्यानं. लोकांनी विचारलं, कसला कार्यक्रम? त्यालाही सांगता येईना. तो एवढंच म्हणाला, "माजी पोर बोलावते हाय. पावन्यांना मी जबाबदार." गावानं होकार दिला.

पुष्पीनं तारीख काढली: अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीतला दुसरा रविवार, अकरा तारीख, सकाळी नऊ वाजता. एकशे बत्तीस पोस्टकार्डं आम्ही दोघींनी लिहिली. वसई, डहाणू, वापी, नाशिक, कुठं कुठं गेली. मी पत्ते लिहिले, तिनं मजकूर.

मेळाव्याला दहा दिवस राहिले असताना मी तिच्या घरी होते, जेवणाचं ठरवायला. मंजुळामावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिनं सहज विचारलं, "त्या दिवशी तिथ कुठली?"

पुष्पी उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे जाऊन उभी राहिली, आणि तिथंच थिजली. पौष शुद्ध चतुर्दशी. म्हणजे ऐन उधाण.

मी बेटेगावची, मला आधी काही उमगेना. मावशीनं समजावलं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याला ओढ नसते, तेव्हा होड्या काठाला आणि पुरुष घरी. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा पाण्याला जोर, जाळ्यात मासळी, आणि गावातला धडधाकट पुरुष झाडून सगळा दर्यावर. बायका दिवसभर मासळीच्या मागे. उधाणात खारवाडीत कुणी बारसंसुद्धा ठेवत नाही. एवढ्यावर भागलं नाही. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला उधाणाची भरती म्हणजे नऊ ते बारा खाजणातला रस्ता पाण्याखाली. पाहुणे येणार नऊला.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तांडेलाची लेक, भरतीचा प्रोग्राम लिहिणारी, आणि तारीख काढताना तिथी बघायची विसरली. चौदा वर्षं कारखान्यात काढली होती तिनं. कारखान्याला एकच तिथी, रविवार. आणि सगळ्यात वाईट काय, तर ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, तो बाप त्या दिवशी दर्यावर असणार होता, तिनंच काढलेल्या तारखेमुळे.

पुष्पी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मला वाईट वाटलं की मी रागावते. मी म्हटलं, रडून भरती टळणार आहे का? ऊठ, बापाला सांग.

नवशाबाबा घरामागे जाळं शिवत होता. पुष्पीनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यानं सुई खाली ठेवली. मग विचारलं, पत्रं किती धाडली? एकशे बत्तीस. परत बोलावता येतील? अर्ध्यांना निरोप पोचेल, अर्धे तरी येतीलच. तो म्हणाला, "मंग पावनं येनार. पावन्याला पान्यात उबा ठेवायचा नाय." पुष्पीनं विचारलं, बाबा, तू? तो म्हणाला, "मी दर्यावर. दर्याचा शबुद कसा देऊ मी?" आणि परत सुई हातात घेतली.

त्यानं वचन दिलं नाही हे मला फार लागलं. येताना वाटेत त्याच्या माघारी मी पुष्पीजवळ त्याला नको नको ते बोलले.

शनिवारी ओहोटीत आम्ही मशीन आणली. सहा कॉम्प्युटर, दोन टेम्पो, आणि जिवल्याचा जनरेटर. समाजमंदिराच्या पायऱ्या चिंचोळ्या, तर जिवल्यानं चुंबळ करून एकेक मॉनिटर डोक्यावरून आत नेला, गवताचा भारा नेतात तसा. बाहेर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. वास होताच. असणारच. मासेमारांच्या गावात काय अत्तराचा वास येणार?

रविवारी साडेआठपर्यंत चाळीसएक माणसं रस्त्यानं आली. मग पाणी चढलं. पलीकडे टेम्पो आणि रिक्षा येऊन थांबायला लागल्या, माणसं उतरायला लागली, आणि आम्ही अलीकडून बघत राहिलो. मधे चकाकतं पाणी, रस्ता कुठं आहे तेही दिसेना. मावशीनं दोन म्हाताऱ्यांना दोन पगारांवर बसवलं. पगार म्हणजे खाडीतली लहान होडी, एका खेपेला चार माणसं. पलीकडे ऐंशी-नव्वद जण, हातात तांदळाच्या पिशव्या, खिशात फ्लॉप्या. मी पगारातून पलीकडे गेले, लोकांना धीर द्यायला. वापीचे साहेब पांढरी पॅंट घालून उभे होते. म्हणाले की मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण ह्या खेपेला तो माणूस खरं बोलत होता. असा राग फार वाईट, गिळावा लागतो.

पाण्यापलीकडे पुष्पी समाजमंदिरासमोर एकटी उभी होती. कुणाला बोट दाखवायची सोयच नव्हती. दहाच्या सुमाराला नाशिकची काही मुलं म्हणायला लागली की परत जाऊया, गाडी तरी मिळेल. मी त्यांना थांबा थांबा म्हणत होते, पण कशासाठी थांबायचं ते मलाच माहीत नव्हतं.

साडेदहा वाजून गेले असतील. जिवल्या माझ्याबरोबर पलीकडे आला होता. त्यानं खाडीच्या तोंडाकडे हात केला. वळणावरून एक होडी येत होती. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. मी मोजल्या, अकरा. सगळ्या खारवाडीच्या. सगळ्यांत पुढच्या होडीवर सुकाणू धरून नवशाबाबा उभा होता.

उधाणात मोठ्या होड्या भरतीबरोबरच खाडीत शिरतात, ते खरं. पण रोज त्या शिरतात एकामागून एक, ज्याचं जाळं भरेल तसा तो, आणि शिरल्या की थेट बंदराला. त्या दिवशी अकराच्या अकरा एकदम आल्या आणि बंदराला न जाता रस्त्याच्या बाजूला वळल्या. मागाहून कळलं. नवशाबाबानं दर्यावर एकेका होडीजवळ जाऊन सांगितलं होतं की जाळी लवकर ओढा, माझे पाहुणे पाण्यात उभे आहेत. गावानं ऐन उधाणात जाळी अर्धी भरली असतानाच ओढली होती. ज्याला मासेमारी कळते त्याला ह्याचा अर्थ कळेल.

त्यानं होडी काठाला लावली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चला, बसा. जपून, मासली निसरडी हाय."

नव्वद प्रोग्रामर होड्यांत चढले! घोटाभर पाणी, पायाशी बोंबील आणि कोळंबी तडफडतायत, आणि हे डोक्यावर फ्लॉपीचे डबे धरून बसलेत. वापीचे साहेब नवशाबाबाच्याच होडीत, माझ्यासमोर. पांढऱ्या पॅंटीचं काय झालं ते विचारू नका. पण माणूस हसत होता, लहान पोरासारखा. मी हसत नव्हते. मी रडत होते, आणि कुणी बघितलं तर बघू दे असं मला वाटत होतं.

मेळावा अकरा वाजून गेल्यावर सुरू झाला. पुष्पी उठली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: तारीख मी काढली, तिथी बघितली नाही, चूक माझी. मी तांडेलाची मुलगी आहे आणि भरतीचा प्रोग्राम मीच लिहिलाय, म्हणजे चूक दुप्पट माझी. सभा हसली, मग टाळ्या वाजल्या. मी मागे बघितलं. दारात अकरा होड्यांचे पुरुष ओल्या कपड्यांनी उभे होते, आणि त्यांच्या पुढे नवशाबाबा. मासळी बायकांवर सोपवून ते आले होते.

जिवल्यानं वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, शहाण्णव साल, भरतीचा प्रोग्राम, अपुरा, चालवणारा आला नाही. मग म्हणाला, "आता आलाय."

नवशाबाबाला खुर्चीवर बसवलं. पुष्पी बाजूला, हात मागे बांधून. त्या वर्षाच्या तिथ्या तिनं आदल्या रात्रीच भरून ठेवल्या होत्या. म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. दोरखंडांनी चिरलेलं जाड बोट त्यानं एकेका बटणावर नेलं. तारीख अकरा. महिना एक. मग मोठं बटण दाबायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पडद्यावर बाणाची खूण होती तिथं त्यानं नीट बघितलं आणि दाबलं. पडद्यावर आलं: १४. आणि खाली: १०.३०.

सभेत टाळ्या सुरू झाल्या. नवशाबाबानं हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"हे चुकलं," तो म्हणाला.

पुष्पीला बोलायची परवानगी नव्हती, ती नुसती बघत होती. नवशाबाबा हळूहळू, अडखळत सांगायला लागला. पाऊणपटीची वेळ उघड्या दर्याची. आपली खाडी वाकडी, तोंड अरुंद, पाणी आत यायला अर्धा घंटा जास्त लागतो. आज आम्ही साडेदहाला खाडीच्या तोंडाशी होतो. इथं रस्त्यापाशी भरती पुरी झाली ती अकराला. हे पुस्तकात नसतं, सुकाणू धरणाऱ्याला माहीत असतं. मग तो खुर्चीवरून उठला आणि पोरीला म्हणाला, "आता तू बस. दाखव काय करते ते."

पुष्पी बसली. तिनं प्रोग्राम उघडला. शंभर-सव्वाशे माणसं मागे उभी. तिनं एक नवी ओळ लिहिली. इंग्रजी अक्षरांत "नवशा", पुढे बरोबरचं चिन्ह, पुढे तीस. खाली एका ठिकाणी त्या नवशाची बेरीज केली. मिनिटभराचं काम. मग उठून परत हात मागे बांधले.

नवशाबाबानं परत तेच आकडे दाबले. पडद्यावर आलं: ११.००.

तो पडद्याकडे बघत राहिला. मग पुष्पीकडे. मग म्हणाला, "म्हंजे मी सांगितलं ते तू ह्याला शिकवलं. आता हे इसरनार नाय?"

पुष्पी म्हणाली, "नाय बाबा. आता कुणीबी इचारलं तरी हे तुजाच अर्धा घंटा धरून सांगल."

"आन मी गेल्यावर?"

"तू गेल्यावरबी."

त्यानं मान हलवली. डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसलं, परत घातली. जिवल्यानं वहीत "अपुरा" खोडून "पुरा" लिहिलं, आणि वही बापापुढे धरली. म्हाताऱ्यानं त्या शब्दाखाली अंगठा उठवला. पुष्पीनं सुपाच्या पाठीवर यजमान म्हणून स्वतःचं नाव लिहायला नकार दिला. तिथं लिहिलं, खारवाडी. तेवढं एकच नाव आहे सुपावर, जे माणसाचं नाही.

जेवायला तोच पिठूळ-कच्चा भात होता, आणि त्यावर ताज्या कोळंबीचं कालवण. वापीच्या साहेबांनी तीनदा वाढून घेतलं. मी काही बोलले नाही, बघा किती सुधारले आहे मी!

तेव्हापासून मेळाव्याच्या पोस्टकार्डावर तारखेशेजारी तिथी छापतो आम्ही, आणि मेळावा भांगेच्या रविवारी घेतो. नाशिकच्या मुलांना समुद्राशी काय देणंघेणं? पण तीसुद्धा आता पत्रात विचारतात, भांग बघितलीत ना? यंदा, नव्याण्णवला, मेळावा बोईसरला होता. चोवीस जानेवारी, रविवार, अष्टमी. एकशे ऐंशी माणसं.

मी दाराशी तांदळाच्या टेबलावर होते. सकाळी आठलाच नवशाबाबा आला. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. पाहुणा म्हणून त्याला तसंच आत सोडायला मी तयार होते. पण त्यानं पिशवीतून किलोभर तांदूळ काढून माझ्या सुपात ओतले. मग शेजारच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. तिथं एक नवी पोरगी बसली होती, तिला काय ठाऊक हा कोण. तिनं आपलं रोजच्यासारखं विचारलं, आजोबा, फ्लॉपी?

म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वर दोरा बांधलेली एक फ्लॉपी काढली. भरतीचा प्रोग्राम होता. पोरीनं ती मशीनला लावली, तपासली, आणि कागदावर लिहायला पेन उचललं. तिनं विचारलं, प्रोग्राम कुणाचा लिहू?

"माज्या पोरीचा," नवशाबाबा म्हणाला. मग टोपी सारखी करून म्हणाला, "ह्यात अर्धा घंटा माजा हाय."